कळण्याचं दळण

या मंगळवारी सकाळी साडेदहाला मी चक्कीवर उभा होतो. हातात पाच किलोचा डबा, डब्यात चार किलो ज्वारी आणि एक किलो काळे उडीद. माझा गुन्हा एवढाच.

मागचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात फारसा दम नाही. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत २६ वर्षं हिशेब लिहिले. घराचं कर्ज फिटलं, पोरगी पुण्यात नोकरीला लागली, आणि एप्रिलात, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मेहरूण तलावावर फिरायचं, दुपारी वाचायचं, संध्याकाळी गच्चीवर बसायचं, असा बेत होता. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला अठ्ठावन्नपर्यंत जायचंय आणि ती जाणार आहे. माझ्या निवृत्तीवर ती फक्त म्हणाली, "बरं झालं, दळणाचा प्रश्न सुटला."

एक सल्ला मात्र फुकट देतो. खान्देशात एप्रिल महिन्यात निवृत्त होऊ नका. पारा पंचेचाळिसाकडे निघालेला असतो, आणि तेव्हा कळतं की आपण २६ वर्षं ज्याला नोकरी समजत होतो ती मुख्यतः दुसऱ्याच्या बिलावर चालणारी एसी होती. अख्खा मे मी कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतण्यात घालवला. वाचन शून्य.

असो. आता नोव्हेंबर संपत आलाय, बाजारात भरिताची वांगी आली आहेत, आणि भरीत म्हटलं की कळण्याची, म्हणजे या ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आली. शाळेत जाताना बायकोनं सूचना दिल्या होत्या: गव्हावर टाकू देऊ नको, ज्वारीवर टाकायला सांग, जाड नको, पार मैदाही नको, आणि डबा सोडून कुठं जाऊ नको. चक्कीवर माझ्या आधी नऊ डबे. प्रत्येकावर खडूनं नाव. मी खडू मागितला, चक्कीवाल्यानं माझ्याकडं बघितलं आणि स्वतःच डब्यावर लिहिलं: 'मॅडम'. म्हणजे बायकोचा डबा. मी सोबत आलेला.

बाकड्यावर नाना बसले होते. नाना म्हणजे रेल्वेचे निवृत्त गार्ड. मूळचे चाळीसगावकडचे, नोकरी सगळी भुसावळ विभागात, आता आमच्या कॉलनीत मुलाकडं असतात. दळण त्यांचं नसतंच. ते चक्कीवर येतात ते गाड्यांची ये-जा बघितल्यासारखं डब्यांची ये-जा बघायला. घरात अहिराणी, रेल्वेचा विषय निघाला की रेल्वेची मराठी, आणि दोन्ही भाषा चक्कीच्या आवाजावर मात करून, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जातील अशा.

"काय रे भो, आज सुटी शे का?"

इथं मी "हो" म्हणायला हवं होतं. एका अक्षरात सुटलो असतो. पण मला अजून त्या निवृत्तीचा अभिमान होता. "नाही नाना, मी रिटायर झालो."

चक्की चालू होती, पट्टा फडफडत होता, तरी नऊ डब्यांच्या नऊ मालकांना ते ऐकू गेलं असावं. सगळे वळले.

"तू सोडी दिधी, का त्यासनी काढी टाकं?"

"मीच सोडली."

"वय काय शे तुनं?"

"एक्कावन्न."

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मला पायापासून वर तपासलं. बैल विकत घेताना बघतात तसं. "तब्येत खराब शे का?"

"नाही."

"दारू पेस का?"

"नाही हो नाना!"

बाजरीचा डबा घेऊन आलेल्या एक बाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी अत्यंत मायेनं विचारलं, "हापिसात काही पैशाबियशाचं झालं होतं का हो भाऊ? होतं असं कधी कधी. माझ्या दिराचंही झालं होतं." नानांची उलटतपासणी परवडली. ही सहानुभूती माझ्या अजून अंगावर आहे.

"पेन्शन किती भेटस?" नानांनी मुद्द्याला हात घातला.

हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न चारचौघांत विचारू नये, कारण त्याला उत्तर पैशापर्यंत पाठ असतं. खासगी नोकरीत पगार कितीही असो, भविष्य निर्वाहवाल्यांच्या पेन्शनसाठी तो २०१४ पासून जास्तीत जास्त १५,००० धरतात. त्याआधी ६,५०० धरत. त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० नं भागायचं. तेही पूर्ण हवं असेल तर अठ्ठावन्नाव्या वर्षी. पन्नाशीनंतर आधी मागता येतं, पण जितकी वर्षं आधी तितक्यांदा ४ टक्क्यांची कात्री. हे सगळं करून जो आकडा निघतो तो मी बायकोलासुद्धा एकदाच, लाइट गेलेली असताना सांगितलाय.

"अठ्ठावन्नला सुरू होईल," मी म्हणालो.

"मंग आते खास काय?" म्हणजे, मग आता खातोस काय?

काही साठवलंय, काही गुंतवलंय, असं मी सांगू लागलो, पण तेवढ्यात चक्कीवाल्यानं कापडी नळीवर फाटकन काठी मारली, पिठाचा ढग उठला आणि माझी गुंतवणूक त्यात गडप झाली.

ढग बसला तेव्हा नाना रेल्वेच्या मराठीत शिरले होते. "ऐक. रेल्वेत आमचं ५८ होतं. १९९८ साली सरकारनं ६० केलं. मला दोन वर्षं वरून मिळाली. मी मागितली नव्हती. पण एक दिवस तरी सोडला का? नाही सोडला. आणि तू सात वर्षं स्वतःच्या हातानं परत केली? कोणाला केली? पावती घेतली का?"

नऊ डबे हसले.

"मला पेन्शन आहे. ८० झाल्यावर त्यात २० टक्के वाढले. फेब्रुवारीत ८५ पूर्ण होतात, की ३० टक्के. म्हणून थंडीत आंघोळ कमी केली आहे. तिथपर्यंत गाडी नीट न्यायची." मग आवाज आणखी चढला. "२०२२ साली रेल्वेनं गार्डाचं नाव बदललं. ट्रेन मॅनेजर केलं. मी घरी बसल्या बसल्या मॅनेजर झालो! तू हापिसात मॅनेजर होता ना? घरी बसून काय झाला?"

मी डब्याकडं बघितलं. डब्यावर 'मॅडम' लिहिलं होतं.

"गाडीचं इंजिन पुढं, ड्रायवर पुढं," नाना आता उभे राहिले होते, "पण शेवटच्या डब्यातून गार्ड हिरवी झेंडी दाखवत नाही, तोवर गाडी हलत नाही. चाकभर नाही. मी जन्मभर झेंडी दाखवली. मला सांग," आणि इथं ते परत घरच्या भाषेवर आले, "तुले झेंडी कोनी दखाडी?"

याला मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. शेवटच्या दिवशी कंपनीत 'काही येणं नाही' असा एक फॉर्म घेऊन मी अकरा सह्यांसाठी अकरा टेबलांवर फिरलो होतो. दहा मिळाल्या. अकरावी कँटीनची. तिथं माझ्या नावावर चहाचे ४० रुपये निघत होते. ते रोख भरले आणि बाहेर पडलो. झेंडी म्हणायची तर तीच.

लोक विचारतात, घरी बसून वेळ कसा जातो? माझा वेळ मला जाऊच देत नाहीत. 'रिकामा' हा शब्द आमच्याकडं फार पवित्र आहे. एकदा तो तुम्हाला लागला की तुम्ही सार्वजनिक मालमत्ता. शेजाऱ्यांचा गॅस सिलिंडर मी उतरवून घेतो, त्यांच्या फोनवर आलेला आकडा मीच सिलिंडरवाल्याला सांगतो. चुलतभावाच्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिका धरणगाव, एरंडोल, पारोळा अशा मोटारसायकलवर मी वाटल्या, पेट्रोल माझं. आणि अंत्ययात्रा! नोकरीत असताना मी संध्याकाळी घरी भेटून यायचो. आता पहिला फोन मला. आठ महिन्यांत नेरी नाक्याच्या स्मशानभूमीत इतक्या वेळा गेलोय की तिथला माणूस मला बघून लाकडांचा हिशेब विचारतो. एकदा तर गेलेले गृहस्थ कोण, हे मला तिथं पोचल्यावर कळलं. खांदेकरी तीनच होते म्हणून बोलावलं होतं.

एसटीचंही तसंच. बायका अर्ध्या तिकिटात, २०२३ पासून. पासष्टीनंतर पुरुषही अर्ध्यात, पंचाहत्तरीला सगळं माफ. आम्ही दोघं अमळनेरला निघालो की मिळून दीड तिकीट, आणि त्यातलं पूर्ण तिकीट बिनपगारी माणसाचं. परवा पिठानं केस-भुवया पांढऱ्या झालेल्या अवस्थेत एका पोरानं मला "आजोबा, सरका" म्हटलं. म्हणजे तोंडावर पासष्ट, तिकिटाला एक्कावन्न.

हसून सोडण्यासारखं आहे सगळं. पण एक नाही. पोरीसाठी स्थळं बघतोय. परिचयपत्रात 'वडील: सेवानिवृत्त' असं साधं, खरं लिहिलं. एका ठिकाणाहून मध्यस्थाकरवी विचारणा आली: वडिलांना काही दुखणं आहे का, की काही चौकशी चालू आहे? मेहुणा म्हणाला, 'व्यवसाय' लिहा. कसला? कसलाही लिहा. २६ वर्षं एक रुपया इकडचा तिकडं न केलेल्या माणसानं आता पोरीच्या लग्नासाठी खोटा धंदा काढायचा. मी पत्रक बदललं नाही. बायकोनं बदललं असावं, मी विचारलेलं नाही. आणि खरं दुखणं निघालंच तर? कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी शेवटच्या सहीबरोबर संपला. नवा घ्यायला गेलो तर साखर आधीपासूनची म्हणून तीन वर्षं थांबा म्हणाले. म्हणजे चोपन्नपर्यंत आजारी पडायचीही परवानगी नाही.

चक्कीवर परत येतो. माझा डबा लागला. नानांच्या झेंडीच्या नादात, आपल्या आधी काय दळलं गेलं हे बघायचं राहूनच गेलं. गहू होता. घरी बायकोनं पीठ चिमटीत घेतलं, बोटांवर चोळलं, वास घेतला आणि काही बोलली नाही. संध्याकाळी भाकरी तव्यावर जाण्याआधीच कडेनं चिरली तेव्हा म्हणाली, "एवढा रिकामा वेळ होता, तरी?" भरीत मात्र झकास झालं होतं. ते तिनं केलं होतं.

निघताना नानांनी मला थांबवलं होतं. तपासणी संपली होती, आता आदेश निघाला. "माझा हयातीचा दाखला राहिलाय. पोराला रजा नाही. तू गुरुवारी ने. दहाला. डबल सीट." विनंतीचा सूर नव्हता, आणि मी हो म्हणालो, हे मला अजून समजत नाही.

काल गुरुवार. पावणेदहाला त्यांच्या दारात. नाना सव्वाअकराला बाहेर आले, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. बँकेत आधी अंगठा लावला, तो उमटेना. ऐंशी वर्षांत झिजला म्हणे. मग मोबाइलसमोर बसवून चेहरा घेतला. त्यात जिवंत आहात हे दाखवायला डोळे मिचकवावे लागतात. नाना मिचकवेनात. "गार्डानं ड्यूटीवर डोळा लवायचा नसतो." काउंटरवरची मुलगी सांगून थकली, मी सांगून थकलो, मागची रांग चुळबुळायला लागली. सरतेशेवटी त्यांना शिंक आली आणि त्यात डोळे मिटले. मोबाइलनं ते मान्य केलं.

मुलीनं घाम पुसला आणि माझ्याकडं बोट करून विचारलं, "बाबा, हे तुमचे कोण?"

नानांनी माझ्याकडं वळून बघितलं, बराच वेळ.

"कोनी नही," ते म्हणाले. "रिकामा शे बिचारा."