कुत्र्याची जात नको, गडगा बघा

केंद्र सरकारने 12 मार्च 2024 ला राज्यांना पत्र पाठवून 23 जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालायला सांगितलं. महिनाभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. गावाकडचा वाद मात्र अजून तिथेच घुटमळतोय: रॉटवायलर वाईट की मालक वाईट? त्यात ‘परदेशात बघा, कसे कडक कायदे असतात’ हे वाक्य हमखास येतं. म्हणून इंग्लंडमधून थोडं.

इथे 1991 च्या कायद्याने पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो यांवर बंदी आली. हल्ले थांबले नाहीत. 2023 च्या अखेरीस पाचवं नाव जोडावं लागलं, एक्सएल बुली. संकरातून नवा कुत्रा तयार होतो आणि यादी त्याच्या मागे धावत राहते. शिवाय पोलीस कागद बघत नाहीत, डोकं, छाती, उंची मोजून ठरवतात. हे काम आपल्याकडे तलाठ्याने करायचं की ग्रामसेवकाने?

उचलण्यासारखं आहे ते सवलतीच्या दाखल्यातलं. बंदी येण्याआधीपासून बुली पाळणाऱ्याला 92.40 पौंड भरून तो ठेवता येत होता, पण अटी मालकाला: ओळखीची चिप, नसबंदी, दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाईचा विमा, बाहेर पट्टा आणि मुसकं, पट्टा धरणारा किमान 16 वर्षांचा, आणि कुत्रा निसटणार नाही असं घर-आवार. वेगळ्या कलमाने कुठल्याही जातीच्या कुत्र्यामुळे माणूस दगावला तर मालकाला 14 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, अगदी स्वतःच्या आवारात घडलं तरी.

यातली आवाराची अट कोकणात सगळ्यात अवघड. आपला चिऱ्याचा किंवा दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, कमरेइतका. पावसात एखादी बाजू ढासळते आणि गणपतीपर्यंत तशीच राहते. मोठ्या कुत्र्याला हा अडथळाच नव्हे. गडग्यावर लोखंडी अँगल आणि जाळी घेऊन उंची सहा फुटांवर न्यावी, जाळीचा खालचा फूटभर भाग मातीत गाडावा, नाहीतर उकरून निघतो. बेड्याच्या (आवाराच्या साध्या फाटकाच्या) जागी आपोआप मिटणारं फाटक, आणि त्याच्या आत दुसरं. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कुदळ चालत नाही, तिथे तळाशी सिमेंटचा पट्टा ओतावा.

साखळीने बांधून ठेवा, असं म्हणणाऱ्यांना बिबट्या आठवत नाही. रात्री साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे त्याचं ताट वाढून ठेवलेलं. छत असलेला जाळीचा पिंजराच हवा. साखळी दिवसा वापरलीत तर हूक बघत जा. खाऱ्या हवेत त्याची स्प्रिंग गंजते, हूक बंद दिसतो पण अर्धा उघडा असतो. पितळी किंवा स्टेनलेसचा घ्यावा. मुसकं जाळीचं घ्यावं, ज्यातून कुत्रा धापा टाकू शकतो आणि पाणी पिऊ शकतो. मे महिन्यात कापडी मुसक्यात त्याला उष्माघात होईल.

खरा गुंता मालकाचा. मालक मुंबईत, बाग आणि कुत्रा राखणदाराकडे. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 ‘ताब्यातल्या’ जनावराबद्दल बोलतं: निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे महिन्याच्या पगारावर राबणारा राखणदार आधी अडकणार. इंग्लंडमधला दाखला मालकाच्या नावाने असतो, पत्ता बदलला तरी कळवावा लागतो. ग्रामसभेने नोंदवहीत मालक आणि सांभाळणारा अशी दोन्ही नावं, फोन आणि रेबीजच्या लशीची तारीख लिहून घ्यावी. एवढ्याला नवा कायदा लागत नाही.

शिमग्यात पालखी दारोदारी येते. ढोलांच्या आवाजाने बिथरलेला कुत्रा उघड्या अंगणात असणं हा मालकाचाच दोष. पालखीचा दिवस आधी ठाऊक असतो. सकाळीच पिंजरा, बस्स.

आणि चावलाच तर हळद, चुना, तिखट काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत भरायचं रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. ते कुठल्या सरकारी रुग्णालयात आहे, हे वाडीने आधीच विचारून ठेवावं.

मालक ऐकतच नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली प्रांताकडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो. धोकादायक जनावर बंदिस्त ठेवण्याचा आदेश तिथून निघू शकतो. अर्जात ‘कुत्रा फार वाईट आहे’ असं लिहून भागत नाही. तारीख, वेळ, पाखाडीची (पायऱ्यांच्या वाटेची) नेमकी जागा, दवाखान्याचा कागद आणि पडलेल्या गडग्याचा फोटो जोडा.