यातलं काय काढू?

काउंटरवरच्या मुलीनं हे विचारलं, तेही शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोचेल अशा आवाजात.

कार्ड नाकारलं गेलं नव्हतं, हे आधी सांगतो. घरीही दोनदा सांगितलं. महिन्याच्या सामानाचे पैसे आम्ही पाकिटात मोजून ठेवतो. ते संपले की खरेदी संपली. कार्ड मुद्दाम घरी, कारण ते खिशात असलं की माझा हात सैल सुटतो. त्या दिवशी मी मनातल्या मनात बेरीज करत फिरलो आणि हातचा विसरलो. गुन्हा एवढाच.

मी काही बोलायच्या आत मागच्या काकू पुढे सरकल्या. "थांब गं, मी बघते," म्हणाल्या. कोणाला? तर मुलीला. माझं सामान होतं, पण मला विचारायची गरज त्यांना वाटली नाही.

"कपड्यांची पावडर. लागतेच. भांड्यांचा साबण, लागतोच. वह्या कोणाच्या? मुलीच्या? असू देत, शिक्षण आहे. ही पाती कशाला? हल्ली सगळेच दाढ्या वाढवतात." एकेक वस्तू उचलून, उलटसुलट करून त्या पट्ट्यावर परत ठेवत होत्या. मग शाम्पूवर हात थांबला.

"हा कोणासाठी?"

"घरात सगळ्यांसाठी."

काकूंनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. रिकाम्या प्लॉटची मोजणी करायला आलेला माणूस बघतो तसं, चारी कोपरे धरून.

"घरात किती जण?"

"चार."

"मग तीनच धरा."

रांगेत कोणीतरी खुसखुसलं. तेवढ्यानं धीर आलेले एक गृहस्थ मागून म्हणाले, "अहो, टूथपेस्ट मोठी घेतलीत. छोटी घ्या, भागेल." इथे मात्र माझा अभिमान जागा झाला. फोन काढून मी शंभर ग्रॅमचा हिशोब दाखवायला लागलो, की मोठी ट्यूबच स्वस्त पडते. (नेहमी नाही हं. कधी कधी मोठा पुडा छोट्यापेक्षा महाग पडतो, म्हणून तर मी प्रत्येक कपाटापुढे गणित करत उभा असतो आणि लोक मला तिथला कर्मचारी समजून झाडू कुठे मिळतील ते विचारतात.) गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण पैसे कुठायत?"

याला उत्तर नव्हतं. स्वस्त पडणाऱ्या सगळ्या गोष्टी एकरकमी असतात. वर्षाचा हप्ता स्वस्त, महिन्याचा महाग. टिकाऊ चप्पल परवडते, पण घेता येत नाही, म्हणून वर्षात तीन तकलादू घ्यायच्या. काटकसर करायलासुद्धा आधी गाठीला पैसा लागतो, हे कोणी सांगत नाही. सांगतात ते पन्नास-तीस-वीसचं सूत्र. अमेरिकेतल्या प्राध्यापक एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीनं २००५ मध्ये ते लोकांपुढे मांडलं: पगारातले पन्नास टक्के गरजांना, तीस हौसेला, वीस बचतीला. आमच्या घरी पन्नास टक्के गरजांनाच जातात. उरलेले पन्नासही गरजांनाच जातात. मिळकत जितकी तुटपुंजी, तितका तिच्यातला जास्त हिस्सा पोटालाच लागतो, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मध्येच दाखवून दिलं होतं. आमच्या वहीतला सगळ्यात मोठा आकडा तर 'किरकोळ' या नावापुढे असतो. त्यात काय काय येतं, ते मी विचारत नाही आणि बायकोही माझ्याबाबतीत विचारत नाही. संसार टिकलाय तो त्यावरच.

तर काकू. "काढ गं शाम्पू," त्यांनी निकाल दिला. मुलीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. यंत्र टुणकन वाजलं आणि बिल पाकिटात बसलं. मी "थँक यू" म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. त्याचाच राग अजून गेलेला नाही.

पिशवी भरत होतो तर मागून आवाज आला, "तो माझ्यात घाल गं. एकावर एक आहे ना त्यावर?"

होतं. चिकटपट्टीनं बांधलेली जोडी होती. कपाटावरची शेवटची, म्हणून तर मी उचलली होती. काकूंचा अंबाडा, खरं सांगायचं तर, लिंबाएवढा होता. त्यांच्या घरात किती जण, हे कोणीही विचारलं नाही. ते मघाचे गृहस्थही गप्प.

घरी येऊन न्हाणीघरातली जुनी बाटली उलटी केली, थोपटली, झाकण काढून दोन बोटं पाणी घातलं आणि खळखळ हलवली. अजून चार दिवस फेस येईल. पाचव्या दिवशी मुलीची परीक्षा आहे आणि तिला त्या दिवशी डोक्यावरून न्हायचंच असतं.

काकूंकडे दोन बाटल्या आहेत.