खारघर की चर्चगेट?

ज्यांच्या मुलांना डॉक्टर नाहीतर इंजिनियर व्हायचंय ते पालक खरंच सुखी. त्यांना वाटत असतं आपण जाम टेन्शनमधे आहोत, पण तसं काही नसतं, सीईटी असते, नीट असते, मार्क येतात, रँक येते, रँक सांगेल तिकडे पोरगं जातं आणि आपण पेढे वाटून मोकळे. आमच्या मुक्तानं आर्ट्स घेतलं आणि बारावीच्या ऐन मध्यावर जाहीर केलं की तिला तीन गोष्टी आवडतात, लहान मुलांना शिकवणं, लोकांच्या भानगडी निस्तरणं आणि कपडे. तीनपैकी एक सांग म्हणलं तर म्हणे तेच तर ठरत नाहीये ना आई.

यात खरी गोची काय होती, तर या तिन्ही विषयातलं घरातल्या प्रत्येकाला सगळं कळतं. रोबोटिक्स म्हणाली असती तर सगळे गप्प बसले असते हो. पण शाळेत सगळेच गेलेत, कपडे सगळेच घालतात आणि समाजाला नावं ठेवणं तर आमच्या सोसायटीत रोज संध्याकाळी गेटपाशी चालू असतं, त्यामुळे वॉचमनसकट प्रत्येकाकडे मत तयार होतं.

सासूबाईंचं मत अर्थात डीएड. त्या स्वतः छत्तीस वर्षं शाळेत होत्या. "डीएड झालं की महिन्याभरात ऑर्डर हातात पडते, अर्धा दिवस शाळा, मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, घरच्यांकडे बघता येतं." हे ऐकून आमचा चुलत दीर, जो नेमका त्या दिवशी जेवायला होता, तो आमटी वाढता वाढता थांबला. हा माणूस २००९ साली डीएडला गेला, तेव्हा गावोगावी डीएड कॉलेजं निघाली होती आणि ज्याच्या घरी पोरगं बारावी झालं तो ते डीएडला घालत होता. पुढे भरतीच बंद पडली. मग २०१३ पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, ती दिली, मग २०१७ ला त्यावर टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी आली (ही वेगळी बरं का, नाव ऐकायला तसंच आहे, पण फॉर्म वेगळा आणि फी पण वेगळी), मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आलं, आणि एवढं सगळं पवित्र होऊन आता कुठे तो शिक्षणसेवक म्हणून लागलाय, म्हणजे पहिली तीन वर्षं महिन्याला सोळा हजार मानधन. तेही २०२३ मधे वाढवलं म्हणून सोळा, आधी सहा होतं. "काकू," तो सासूबाईंना म्हणाला, "तुमची ऑर्डर महिन्यात आली, माझी येईपर्यंत माझी पोरगी पहिलीत गेली." सासूबाईंनी त्याला अजून एक पोळी वाढली आणि मुक्ताला म्हणाल्या, बरं मग बीएड कर.

बीएड पण सरळ नाही. एकतर आधी डिग्री मग वर दोन वर्षं, आणि सुप्रीम कोर्टानं २०२३ मधे सांगितलंय की पहिली ते पाचवीला बीएडवाले चालणार नाहीत. मुक्ताला तर पाचवीच्या खालचीच मुलं आवडतात, वरची तिच्या मते शिष्ट असतात. आता नवीन चार वर्षांत बीए आणि बीएड एकदम असा पण कोर्स निघालाय, त्याची देशपातळीवरची वेगळी परीक्षा. ते वाचून ह्यांनी कपाळाला हात लावला. मुलांना अ आ इ शिकवायला देशपातळीवर काय सिद्ध करायचंय म्हणे. मी म्हणलं बालवाडीतल्या चोवीस पोरांना एका वेळी शू शू ला नेऊन आणून दाखवा, मग सांगते देशपातळी.

तेवढ्यात नणंदेनं ठाण्याच्या एका काउन्सेलरचा नंबर पाठवला. हा गृहस्थ दहाही बोटांचे ठसे स्कॅन करून मेंदूत काय आहे ते सांगतो. सासूबाई म्हणाल्या एवढे अंगठे तर मी पेन्शनला पण दिले नाहीत. ठशांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि तुम्हीही ठेवू नका, पण त्याच्याकडे कागदावरची प्रश्नांची टेस्ट पण होती आणि ती जरा बरी निघाली. हॉलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ मधे मांडलेलं आहे ते, माणसाच्या आवडीचे सहा प्रकार, कुणाला हातानं करायची कामं आवडतात, कुणाला शोधायची, कुणाला कलेची, कुणाला माणसांची, कुणाला धंद्याची आणि कुणाला नीट रकाने भरायची. मुक्ताचा 'माणसं' आणि 'कला' दोन्हीचा आकडा तंतोतंत सारखा आला. शिक्षक आणि समाजकार्य दोन्ही माणसांच्या खान्यात आणि फॅशन कलेच्या. म्हणजे जे ती घरी फुकट सांगत होती तेच आम्ही एसी केबिनमधे पैसे भरून, स्पायरल बाइंडिंग करून घेऊन आलो. उगाच गंमत म्हणून ह्यांनी पण ती टेस्ट भरली. ह्यांचं रकाने भरणं सगळ्यात वर आलं, त्याचा त्यांना इतका आनंद झाला की येताना स्टेशनबाहेर सगळ्यांना वडापाव.

फॅशनचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे फॅशन म्हणजे शिवणक्लास हेच समीकरण, सामंत काकूंनी तर तोंडावर विचारलं, "ब्लाऊज शिवायला चार वर्षं लागतात?" त्यांना मुक्तानं शांतपणे समजावलं की निफ्ट म्हणून सरकारी संस्था आहे, १९८६ ला दिल्लीत सुरू झाली, मुंबईचं सेंटर खारघरला आहे, आणि निफ्टमधे निटवेअर वेगळं, लेदर वेगळं, टेक्स्टाईल वेगळं, प्रत्येकाला वेगळा कोर्स. काकू म्हणाल्या "अय्या, लेदरची पण डिग्री?" आणि लगेच त्यांच्या पर्सचा तुटलेला बंद घेऊन आल्या, बघ गं हे होतंय का.

निफ्टची परीक्षा बारावीच्या बोर्डाच्या तोंडावर येते. एक पेपर चित्रांचा, एक जनरल नॉलेज, इंग्लिश, गणित वगैरेचा आणि त्यातून निवड झाली की सिच्युएशन टेस्ट. म्हणजे काय, तर तिथल्या तिथे सामान देणार, विषय देणार आणि दोन तासांत त्यातून वस्तू उभी करायची. याची प्रॅक्टिस आमच्या हॉलमधे झाली. ह्यांनी मोबाईलवर वेळ लावली, मी सामान दिलं, स्ट्रॉ, कागदी कप, भांडी घासायचा स्पंज, लोकरीचा गुंडा, पिस्त्याची टरफलं आणि तार. विषय दिला 'गर्दी'. मुक्तानं दोन तास मान वर केली नाही. शेवटी कपाच्या कडेनं तारेत ओवलेली टरफलं लोंबकळत होती, मधे स्ट्रॉ उभे केले होते आणि वरून सगळीकडे लाल लोकर. मला बघताक्षणी सकाळची फास्ट लोकल दिसली, दारातले हात, दांडा, कुणाचीतरी अडकलेली ओढणी, खरंच छान झालं होतं. धाकटा आला आणि म्हणाला भेळ आहे का.

सासूबाई शेजारी बसून नुसत्या बघत होत्या म्हणजे आम्हाला तसं वाटलं. वेळ संपली तेव्हा त्यांनी पण उरलेल्या सामानातून एक वस्तू पुढे केली, दोन कप एकात एक बसवून, मधे स्पंज भरून, वरून लोकरीचं जाळीकाम करून सुया, दाभण आणि टाचण्या खोचायची डबी. अर्ध्या तासात. "गर्दी कुठाय यात?" ह्यांनी विचारलं. "टाचण्या टोचल्या की होईल," सासूबाई म्हणाल्या. ह्याच बाईंनी माझ्या बाळंतपणात माझ्याच जुन्या कॉटनच्या साड्यांची गोधडी घातली होती, बारीक धावदोरा, एकसारखा, कोपऱ्यात चौकोनी ठिगळं रंग जुळवून लावलेली. तेच आता मुक्ताच्या त्या कोर्सच्या माहितीपत्रकात कॉलर वगैरे ताठ करून छापलेलं आणि त्याला वर्षाची फी लाखांत. शाळेतून येऊन चाळीतल्या नवरा-बायकोची भांडणं मिटवणं, कामवालीच्या मुलाला पाढे घोकवणं हे पण त्याच करायच्या. म्हणजे आमच्या घरात तिन्ही मेजर एका माणसानं एका आयुष्यात केली, त्यातल्या फक्त शाळेच्या अर्ध्या दिवसाचा पगार मिळाला आणि बाकीच्या दोन्हीला लोक म्हणाले की बाई हौशी आहेत. हे मला त्या डबीकडे बघता बघता सुचलं, पण तेव्हा बोलले नाही, कारण गॅसवर दूध होतं.

निफ्टचं काही झालं नाही, यादीत नाव फार खाली आलं. मुक्ता एक दिवस रडली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली समाजकार्य.

इथे ह्यांनी प्रथमच आवाज चढवला. समाजसेवा माणूस रिटायर झाल्यावर करतो, त्याची डिग्री कशाला आणि पगार कोण देणार? मग मुक्तानं बापाला बसवून सांगितलं, बीएसडब्ल्यू तीन वर्षं, पुढे एमएसडब्ल्यू, हॉस्पिटलमधे सोशल वर्कर असतात, फॅमिली कोर्टात काउन्सेलर असतात, शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजाच्या कामांवर घालावे लागतात, ते घालायला माणसं लागतात. 'नफा' आणि 'टक्के' ऐकल्यावर हे जरा सावरून बसले. मुंबईत तर हे शिक्षण १९३६ पासून आहे, आत्ताची टाटा इन्स्टिट्यूट तेव्हा सुरू झाली, आणि चर्चगेटला निर्मला निकेतन १९५५ पासून. यावर ह्यांनी अत्यंत डोंबिवलीकर प्रश्न विचारला. "गाडी कुठे बदलायची?"

कारण आमच्याकडे शेवटी करिअर नाही, लाईन निवडतात. खारघर म्हणजे ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बर, चर्चगेट म्हणजे दादरचा पूल. दादरचा पूल मुक्तानं तेव्हाच हसत मान्य केला.

तरी सेफ्टी म्हणून इथल्या एका कॉलेजात बीएचा फॉर्म भरून ठेवला आणि तिथे नवीन शैक्षणिक धोरणाची गाठ पडली. मेजर निवडा. मायनर निवडा. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह निवडा, तोही दुसऱ्या शाखेचा. मग व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. मी स्क्रीनकडे बघत बसले. ह्यांना मात्र उत्साह आला, एकेक रकाना ते असे भरत होते की त्या काउन्सेलरचे पैसे वसूल झाले. मधेच ओटीपी माझ्या मोबाईलवर, माझा मोबाईल चार्जिंगला, सही पन्नास केबीच्या वर गेली, एबीसी आयडीवरचं (हे क्रेडिटचं खातं) नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळेना, आणि सगळं जुळलं तेव्हा पोर्टल झोपलं.

मग आम्ही दोघी चर्चगेटला एका कॉलेजची बीएसडब्ल्यूची मुलाखत द्यायला गेलो. पालकांना आत सोडत नाहीत, मी जिन्यात बसले, तिथे वरच्या वर्षाच्या मुली होत्या, त्यांचं आपलं चाललं होतं, वस्तीत जायचं, दार वाजवायचं, लोक तोंडावर दार लावतात, रात्री जागून रिपोर्ट लिहायचा आणि मॅडम लाल पेन घेऊन म्हणतात 'तुला काय वाटलं' ते लिही, काय घडलं ते नको. एकीची चप्पल तुटलेली. सगळ्या वैतागलेल्या होत्या, पण कंटाळलेली एकही नव्हती. बापरे, मी माझ्या ऑफिसातल्या बायका आठवल्या, आमच्याकडे बरोब्बर उलटं आहे. मुक्ता बाहेर आली तोवर माझं ठरलं होतं, सुदैवानं तिचंही.

ॲडमिशन झाली. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात नात मॅडम होणार, नणंद म्हणते डिझाइनला नाही मिळालं म्हणून घेतलं, हे ऑफिसात "सीएसआर" एवढंच सांगतात. सामंत काकूंचा पर्सचा बंद तिनं शिवून दिला आणि शिवता शिवता त्यांचं सुनेशी काय बिनसलंय ते सगळं काढून घेतलं, काकू दीड तास बसल्या होत्या.

आता धाकटा दहावीत आहे. परवा जेवताना म्हणाला मी कॉमर्स घेणार. का ते कुणी विचारलं नाही. सासूबाईंनी उठून देवापुढे साखर ठेवली.