ड्रॅक्युलाची डायरी कुठेय?

आमच्या जुन्या नाटकवाल्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. पुण्यातली मैत्रीण नारायण धारपांच्या एका भयकथेवर नृत्यनाट्य बसवायचं म्हणतेय आणि निम्मा ग्रुप तिच्यावर तुटून पडलाय की भयकथा ही वाचायची गोष्ट आहे, आपली रंगभूमी शब्दांची, संवाद काढले तर उरणार काय. मी बारा वर्षं इंग्लंडमध्ये लीड्सला राहते, मला यावर बोलायचंय.

आधी मीही हेच म्हणायचे. ब्रॅम स्टोकरची १८९७ ची ‘ड्रॅक्युला’ कादंबरी म्हणजे डायऱ्या, पत्रं, तारा, पेपरातली कात्रणं, नुसता कागद, त्याचा नाच कसा करणार? मग ऑक्टोबर २०१९ मध्ये इथल्या प्लेहाउसला नॉर्दर्न बॅले या नृत्यकंपनीचा ड्रॅक्युला बघितला आणि घरी येऊन पुस्तक परत काढलं. एवढ्या कागदांत ड्रॅक्युलाची स्वतःची डायरीच नाहीये! सगळे त्याच्याबद्दल लिहितात, तो मात्र नुसता येतो, भिंतीवरून डोकं खाली करून सरपटत उतरतो, चावतो. त्याला नाचात आणायला अडचण काय? मी दुसऱ्या रांगेत होते, संगीत जरा खाली आलं की नर्तकांचा श्वास ऐकू यायचा, आणि ड्रॅक्युला त्या नर्तकीच्या मानेकडे इतका हळू झुकला की माझ्या शेजारच्या आजींनी स्वतःचा स्कार्फ घट्ट धरला. तिथे कुठला संवाद घालणार होतात?

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’चं मात्र अवघड आहे, हे मान्य. पुस्तकात फ्रँकेन्स्टाइनने बनवलेला तो जीव भिंतीआडून ऐकून ऐकून भाषा शिकतो, पानंच्या पानं बोलतो, आणि १८२३ च्या लंडनच्या नाटकातच त्याला मुका करून टाकलं होतं. लियाम स्कार्लेटनी २०१६ ला रॉयल बॅलेसाठी केलेला फ्रँकेन्स्टाइन मी थिएटरात स्क्रीनवर बघितला. सगळी गोष्ट सांगायच्या नादात तो जीव जागा होईपर्यंत पहिला अंक संपत येतो, पण शेवटचं तो जीव आणि त्याला बनवणारा यांचं द्वंद्वनृत्य अजून डोळ्यांसमोर आहे.

इथेही सगळं आलबेल नाही हं, पैसे नाहीत म्हणून नॉर्दर्न बॅलेला काही दौऱ्यांत ऑर्केस्ट्राऐवजी रेकॉर्डेड म्युझिक वापरावं लागलं. पण नाचातून भीती दाखवता येते का, असं कोणी विचारत नाही. आणि आपण का विचारावं? कुडाळजवळ आजोळच्या जत्रेत दशावताराचा संकासुर, काळा बुरखा, लांब लाल जीभ, नुसता नाचत आला की मी आजीच्या पदरात घुसायचे, तो तोंड उघडायच्या आधीच.

मैत्रिणीला लिहिलंय, अर्धं कथानक टाकून दे, ज्या एका प्रसंगाला तू लहानपणी पुस्तक मिटलं होतंस तिथून सुरू कर. डिसेंबरात येतेय, तालमीला बसू देशील ना?