कार्टर, तारापूर आणि माझ्या आजीचा पाय

सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ला गेले, त्यानंतर मी लिहिलेल्या लेखाला तुम्ही "शोकसभेतलं भाषण" म्हटलंत. माणूस गेला की त्याच्या चुकाही सरणावर जातात, ही आपली जुनी खोड आहे, असंही लिहिलंत. तुमचे मुद्दे तीन. एक, हा माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून अपयशी ठरला, इराणने ते जगाला दाखवलं आणि मतदारांनी त्यांना घरी बसवलं. दोन, पुढची चाळीस वर्षं गरिबांसाठी घरं बांधणं वगैरे जे चाललं ते फोटोंसाठी होतं. आणि तीन, "मी तारापूरच्या अणुवीज केंद्रात आयुष्य काढलं आहे. महाराष्ट्रात बसून कार्टरवर लिहिताना तुम्हाला तारापूर आठवू नये?"

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो मला लागला. तारापूर मी खरंच गाळलं होतं. लेखात त्यांच्या आईबद्दल लिहिलं. लिलियन कार्टर अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून विक्रोळीला आल्या आणि तिथल्या कामगारवस्तीत परिचारिकेचं काम करत राहिल्या. २००६ साली ब्याऐंशी वर्षांचे कार्टर लोणावळ्याजवळ मळवलीला हातात हातोडा घेऊन शंभर घरांच्या कामावर उभे होते, तेही लिहिलं. जिथे जिथे गोड होतं तिथे तिथे महाराष्ट्र आणला आणि जिथे कडू होतं तिथे हात आखडला. हा माझा दोष आहे, आणि तो मान्य करूनच पुढचं लिहिते.

तुम्हाला जे पाठ आहे ते इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तारापूरच्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या. १९६३च्या करारानुसार तीस वर्षं समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवायचं आणि भारताने त्या भट्ट्या फक्त अमेरिकी इंधनावर चालवायच्या, असं ठरलं होतं. १९६९ला केंद्र सुरू झालं. १९७४ला पोखरण झालं. त्या स्फोटाचं प्लुटोनियम तारापूरचं नव्हतं, पण अमेरिकेत जो धसका बसला त्याचा भार तारापूरवर आला. १९७८ला कार्टर यांनी अण्वस्त्रप्रसारविरोधी कायद्यावर सही केली आणि भारताने आपली सगळी अणुकेंद्रं आंतरराष्ट्रीय तपासणीला खुली केल्याशिवाय इंधन देणं अवघड होऊन बसलं. झालेल्या कराराला मागाहून आलेली अट लावायची, आणि ज्याने दुसरीकडून इंधन घ्यायचं नाही असा शब्द दिला आहे त्यालाच लावायची. हा अन्याय होता. यावर माझं आणि तुमचं दुमत नाही.

जानेवारी १९७८ची दिल्लीभेट तर तुम्ही स्वतःच आठवण करून दिलीत. मोरारजी देसाई अटी मान्य करेनात. तेव्हा परत गेल्यावर यांना एक थंड आणि रोखठोक पत्र लिहू, असं कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्याला हळूच म्हणाले आणि जवळचा मायक्रोफोन चालू असल्यामुळे ते जगाला ऐकू गेलं. मोरारजींबद्दल चांगलं लिहिताना मराठी माणसाची लेखणी अडखळते, संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे आठवतात. माझीही अडखळते. पण त्या दिवशी त्यांची बाजू बरोबर होती. काही देशांनी बॉम्ब बाळगायचे आणि तपासणी मात्र इतरांची, हे त्यांनी पाहुण्याला तोंडावर नाकारलं.

आता यातलं दुसरं टोक. कार्टर हे अणुऊर्जेविषयी कागदावरून बोलणारे पुढारी नव्हते. डिसेंबर १९५२मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हर इथे अणुभट्टीचा गाभा वितळून मोठा अपघात झाला. अमेरिकी नौदलाची जी तुकडी मदतीला गेली, तिचे प्रमुख होते अठ्ठावीस वर्षांचे लेफ्टनंट कार्टर. टेनिसच्या मैदानावर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारून त्यांनी आधी सराव केला आणि मग एकेकाने खाली उतरून जेमतेम दीड मिनिटात काही बोल्ट काढायचे आणि वर यायचं, असं काम चाललं. दीड मिनिटातच वर्षभराचा किरणोत्सार अंगावर येत होता. पुढे कित्येक महिने त्यांच्या लघवीत किरणोत्सार सापडत होता. तुम्ही भट्टीच्या इमारतीत काम केलेलं आहे, त्या दीड मिनिटाचा अर्थ तुम्ही मला शिकवाल. १९७९ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला तेव्हा चौथ्या दिवशी हा माणूस स्वतः त्या केंद्राच्या आत गेला. आणि वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढण्याचं व्यापारी काम त्यांनी १९७७मध्ये आधी आपल्या देशात थांबवलं, मग जगाला सांगायला निघाले. भारताला दिलेली वागणूक यामुळे न्याय्य ठरत नाही. पण त्यांच्या हट्टामागे भारताविषयी आकस होता असं तुम्ही लिहिलंत, ते मला पटत नाही. त्यांना भीती होती, आणि ती त्यांनी अंगावर घेतलेल्या कामातून आलेली होती.

पुढे काय झालं ते पाहा. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, भारताला दुखावणं परवडेना, आणि १९८०मध्ये त्याच कार्टर यांनी तारापूरला अडतीस टन इंधन पाठवायचा आदेश काढला. त्यांच्याच अणुनियामक आयोगाने एकमताने नकार दिला होता, प्रतिनिधीगृहाने मोठ्या बहुमताने विरोधात मत दिलं, आणि सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ मतांनी ते इंधन सुटलं. ज्या तत्त्वासाठी आपल्याला दोन वर्षं ताटकळत ठेवलं ते तत्त्व गरजेपुढे वाकलं. माझ्या मते कार्टर यांच्यावरचा खरा आक्षेप हा आहे. अटी घातल्या यापेक्षा, त्या कोणासाठी आणि कधी सैल झाल्या यावर त्यांना धरायला हवं.

इराणचंही तेच. दिल्लीला येण्याच्या आदल्या रात्री, ३१ डिसेंबर १९७७ला, ते तेहरानमध्ये इराणच्या राजाच्या, म्हणजे शहाच्या, मेजवानीत होते आणि इराण हे अशांत प्रदेशातलं स्थैर्याचं बेट आहे असं म्हणाले. मानवी हक्कांचं नाव घेऊन निवडून आलेला माणूस ज्याच्या तुरुंगांत लोकांचा छळ चालू होता त्याच्या आरोग्याचं चिंतन करत होता. एकाच दौऱ्यात तेहरानला इतकं गोड आणि दिल्लीला पत्राची भाषा! शहाला १९७९च्या ऑक्टोबरमध्ये उपचारांसाठी अमेरिकेत येऊ दिलं आणि दोन आठवड्यांत तेहरानमधला अमेरिकी दूतावास आंदोलकांच्या ताब्यात गेला. तिथली माणसं ओलीस राहिली ४४४ दिवस. सुटकेची मोहीम वाळवंटात कोसळली आणि आठ सैनिक गेले. तुम्ही म्हणता तसा दुबळेपणा मला यात दिसत नाही. शेवटपर्यंत बॉम्ब न टाकता बोलणी चालू ठेवली आणि बावन्नच्या बावन्न माणसं जिवंत घरी आली. ती आली नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी झाल्यावर काही मिनिटांनी. पण शहाची पाठराखण ही घोडचूक होती. आणि तुम्ही न काढलेला एक विषय मीच काढते: पूर्व तिमोरमध्ये इंडोनेशियाचं सैन्य माणसं मारत असताना त्या सैन्याला अमेरिकी शस्त्रं मिळत राहिली, तीही कार्टर यांच्याच काळात. माझ्या लेखात हेही यायला हवं होतं.

महागाई, पेट्रोलच्या रांगा, पराभव यावर फार लिहीत नाही. निवडणुकीच्या आदल्या वर्षी पॉल व्होल्कर यांना रिझर्व्ह बँकेसारख्या त्यांच्या मध्यवर्ती संस्थेवर नेमलं, व्याजदर आकाशाला भिडले, महागाई पुढे उतरली आणि श्रेय दुसऱ्याला मिळालं. कॅम्प डेव्हिडला तेरा दिवस बसून इजिप्त आणि इस्रायल यांच्यात घडवलेला समझोता आजही टिकून आहे, पॅलेस्टिनी माणसाच्या पदरात मात्र त्यातून काही पडलं नाही. दोन्ही खरं आहे.

आता फोटोंचं. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

घरं सोडून द्या. तीही १९८४पासून दरवर्षी बांधत होते, आणि २०१९ला पंचाण्णवाव्या वर्षी घरात पडून कपाळाला चौदा टाके पडले तरी लगेच नॅशव्हिलला कामावर हजर झाले. फोटोसाठी कोणी इतकं करत असेल तर करो. मला नारूबद्दल, त्या जंताच्या रोगाबद्दल बोलायचं आहे.

तुमच्या पिढीला नारू सांगावा लागणार नाही. माझी आजी बालाघाटाच्या डोंगराकडेच्या गावातली. तिच्या उजव्या घोट्याच्या वर रुपयाएवढा खोलगट, चकाकणारा व्रण होता. लहानपणी मी त्यावर बोट ठेवून विचारायची, आणि ती म्हणायची, "नारू निघाला होता तिथनं." गावची विहीर पायऱ्यांची. बाया पायऱ्या उतरून पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या. ज्याच्या पायाला नारू फुटला आहे त्याने पाण्यात पाय घातला की मादी हजारो पिल्लं पाण्यात सोडते, ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात, आणि ते पाणी न गाळता प्यायलेल्या माणसाच्या अंगात वर्षभराने हातभर लांबीचा जंत तयार होतो. मग आग, फोड, आणि कातडीतून बाहेर डोकावणारं पांढरं टोक. ते काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. घाई केली आणि तुटला तर पाय सडायचा. आजी सुगीच्या दिवसांत दीड महिना ओसरीवर पाय पसरून बसली होती. हाताला आलेली ज्वारी दुसऱ्यांनी काढली, आणि त्यांची मजुरी फेडायला पुढचं वर्ष गेलं. हे सांगताना तिला पायाच्या दुखण्यापेक्षा त्या मजुरीचं जास्त वाटायचं.

या रोगावर लस नाही. औषध नाही. १९८६ला कार्टर यांच्या 'कार्टर सेंटर' या संस्थेने हे काम हातात घेतलं तेव्हा जगात वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत होता. उपाय एकच: पाणी गाळून प्या आणि नारू झालेल्याला पाण्यात उतरू देऊ नका. म्हणजे गावोगाव जायचं, घराघरात सांगायचं, फडकं वाटायचं, पुढच्या वर्षी पुन्हा यायचं. यात भव्य असं काही नाही. गाळलेल्या पाण्याचा फोटो कसला काढणार? १९९५ला सुदानमध्ये यादवी चालू होती, तेव्हा नारूच्या कामासाठी गावांपर्यंत पोहोचता यावं म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंना शस्त्रं खाली ठेवायला लावली, आणि ती शांतता जवळजवळ सहा महिने टिकली. २०२३मध्ये सगळ्या जगात नारूचे रुग्ण होते चौदा.

भारतातला नारू कार्टर यांनी घालवला, असं मी म्हणत नाही, आणि कोणी म्हणालं तर मीच खोडून काढीन. आपली मोहीम १९८३-८४ला, त्यांच्या आधी सुरू झाली. पायऱ्यांच्या विहिरी बुजवल्या किंवा त्यांना कठडे बांधले, हातपंप बसवले, आरोग्यसेवक वाड्यावस्त्यांवर फिरले. शेवटचा रुग्ण १९९६ला राजस्थानात सापडला, आणि २०००मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. ते श्रेय पूर्णपणे आपल्या माणसांचं. पण म्हणूनच मला कळतं की घाना, चाड, सुदानमधल्या एखाद्या बाईच्या दृष्टीने त्या फडक्याची किंमत काय असेल. तिच्या पिकाचा हंगाम वाचला. जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाची सत्ता भोगून झाल्यावर एका माणसाला आयुष्याची उरलेली चाळीस वर्षं या कामाला द्यावीशी वाटली, यात मला दिखावा सापडत नाही, कितीही शोधला तरी.

आणि तारापूरला त्रास देणारा हट्ट तो हाच, असं मला तुमचं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा जाणवलं. धोका एकदा दिसला की तो शेवटच्या भट्टीपर्यंत, शेवटच्या विहिरीपर्यंत पाठलाग करत जायचं. चिवट इंजिनियरचा स्वभाव. राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत तो स्वभाव दुसऱ्या देशाचा स्वाभिमान पाहू शकला नाही, आणि मोठ्या शत्रूची चाहूल लागताच वाकलाही. विहिरीच्या काठावर त्याला वाकायचं कारण नव्हतं. "वाईट राष्ट्राध्यक्ष, चांगला माजी राष्ट्राध्यक्ष" असे दोन कप्पे सगळे करतात, मीही लेखात केले होते. ते आता मला मान्य नाहीत.

२०१५ला कर्करोग झाल्याचं सांगताना ते म्हणाले होते की शेवटचा नारू माझ्याआधी मरावा. तसं झालं नाही. चाडमध्ये कुत्र्यांनाही त्याची लागण होते हे लक्षात आलं होतं, त्यामुळे काम लांबलं. शंभर वर्षांचे होऊन ते गेले आणि जंत अजून शिल्लक आहे.

मूळ लेखात तारापूर, शहा आणि पूर्व तिमोर यांवरचा मजकूर मी आज घातला आहे आणि तो तुमच्या प्रतिक्रियेमुळे घातला, असं वर नमूद केलं आहे. एक विनंती आहे. इंधन कधी येईल, येईल की नाही, अशी ती वर्षं केंद्राच्या आत कशी गेली, वसाहतीत काय बोललं जायचं, बातम्या कोणत्या रेडिओवर ऐकायचात, हे मी कुठेच वाचलेलं नाही. तुम्ही लिहिलंत तर जसंच्या तसं इथे छापीन. फोनवर सांगणं सोयीचं असेल तर मी उतरवून घेईन.