कॅनडाचं एफ-३५ आणि 'एका इंजिना'चा बागुलबुवा

कॅनडा अमेरिकेकडून घेत असलेल्या एका इंजिनाच्या एफ-३५ लढाऊ विमानांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. सारांश असा: 'आर्क्टिकवर एका इंजिनाचं विमान पाठवणं म्हणजे वैमानिकाचा जीव टांगणीला लावणं. म्हणूनच कॅनडाने १९८० मध्ये दोन इंजिनांचं सीएफ-१८ (अमेरिकी हॉर्नेटचं कॅनडियन रूप) निवडलं होतं. एफ-३५ थंडीत टिकणार नाही. ते रद्द करा आणि बर्फासाठीच बनवलेलं, रस्त्यावरूनही उडणारं स्वीडनचं ग्रिपेन घ्या.' मार्च २०२५ मध्ये ओटावाने, म्हणजे कॅनडाच्या सरकारने, ८८ एफ-३५ च्या खरेदीचा फेरविचार सुरू केला, तेव्हापासून तर या मजकुराला ऊत आलाय.

सगळ्यात आधी एक साधी गोष्ट. ग्रिपेनलाही एकच इंजिन आहे! ग्रिपेन-ई मध्ये जनरल इलेक्ट्रिकचं एफ-४१४ बसतं, सुपर हॉर्नेटमध्ये तीच दोन असतात. इंजिनं मोजायचीच ठरवली तर उत्तर ग्रिपेन येऊच शकत नाही. आणि इंजिन अमेरिकी असल्यामुळे ते तिसऱ्या देशाला विकायचं तर वॉशिंग्टनची परवानगी लागते, हेही 'अमेरिकेपासून सुटका' म्हणून ग्रिपेन सुचवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

आता एका इंजिनाने खरंच जीव जातो का? नॉर्वेने १९८० पासून चार दशकं एक इंजिनाची एफ-१६ वापरली, तीही आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला असलेल्या बोडोसारख्या तळावरून. आज त्यांच्याकडे ५२ एफ-३५ आहेत आणि जानेवारी २०२२ पासून एव्हेनेसच्या तळावर तीच चोवीस तास सज्ज असतात. अलास्कात आयलसनच्या तळावर अमेरिकेने ५४ एफ-३५ तैनात केली. फिनलंडचं उदाहरण तर सगळ्यात बोलकं. त्यांच्याकडे कॅनडासारखीच दोन इंजिनांची हॉर्नेट होती, शेजारी स्वीडन, स्पर्धेत ग्रिपेनही होतं. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी ६४ एफ-३५ निवडली.

दुसऱ्या इंजिनाचा फायदा नसतो असं मी म्हणत नाही. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर तळ गाठता येतो, आणि १९८० च्या सुमाराची इंजिनं पाहता तो विचार रास्त होता. पण दुसरं इंजिन म्हणजे अभयदान नव्हे. जुलै २०१० मध्ये कॅनडातल्या लेथब्रिजला हवाई कसरतींच्या सरावात एक सीएफ-१८ कोसळलं. कमी उंची, कमी वेग, उजव्या इंजिनाने साथ दिली नाही, डावं मात्र जोरात चालू. त्या असमान रेट्यानेच विमान कलंडलं. वैमानिक इजेक्ट होऊन वाचला. आणि ३० ऑक्टोबर १९९१ ला कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला असलेल्या अलर्टच्या तळाजवळ पडलं ते चार इंजिनांचं हर्क्युलिस मालवाहू विमान होतं. चारही इंजिनं असताना ते अंधारात जमिनीवर आदळलं. अठरा जणांपैकी पाच दगावले आणि बचावपथक पोहोचायला तीस तासांहून जास्त वेळ लागला. उत्तरेत माणूस वाचतो की नाही हे इंजिनांपेक्षा या तासांवर ठरतं.

'थंडीत टिकणार नाही' या वाक्यात मात्र थोडं तथ्य आहे, फक्त ते इंजिनात नाही. जानेवारी २०२५ मध्ये आयलसनलाच एक एफ-३५ पडलं. हायड्रॉलिक तेलात पाणी मिसळलेलं होतं, ते लँडिंग गिअरमध्ये गोठलं. वैमानिक हवेतूनच उत्पादक कंपनीच्या अभियंत्यांशी जवळजवळ तासभर बोलत होता. शेवटी विमानाच्या सेन्सरांना वाटलं की आपण जमिनीवर आहोत, नियंत्रणप्रणालीने तसा मोड घेतला आणि विमान हाताबाहेर गेलं. वैमानिक वाचला. तेलाची पिंपं नीट साठवली न जाणं ही किती साधी, जमिनीवरची चूक! दोन इंजिनांच्या विमानातही ते तेल गोठलंच असतं.

बर्फावर घसरण्याचं म्हणाल तर नॉर्वेने त्यासाठी एफ-३५ ला मागे ड्रॅग शूट, म्हणजे उतरताना वेग कमी करणारं पॅराशूट, बसवून घेतलं. कॅनडाच्या विमानांनाही ते असणार आहे.

रस्त्यावरून उड्डाण ही ग्रिपेनची खासियत खरी, आणि मला ते विमान त्यासाठी आवडतंही. पण त्याला रस्ते लागतात. स्वीडनकडे ते आहेत. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या नुनावुत प्रांतातल्या पंचवीस वस्त्यांपैकी एकही दुसरीशी किंवा दक्षिणेशी रस्त्याने जोडलेली नाही. वायव्येकडच्या इनुविक गावाला जाणारा डेम्पस्टर हायवे आहे, तो खडीचा, आणि खडी जेट इंजिनात ओढली गेली तर काय होतं हे सांगायला नको. शिवाय सप्टेंबर २०२३ मध्ये फिनलंडमध्ये नॉर्वेची एफ-३५ सुद्धा हायवेवर उतरलीच की.

एफ-३५ वर टीका करायला जागा भरपूर आहे. १९ अब्ज कॅनडियन डॉलरचा अंदाज जून २०२५ मध्ये महालेखापरीक्षकांनी २७.७ अब्जांवर नेऊन ठेवला. सुटे भाग आणि सॉफ्टवेअर यांच्या नाड्या अमेरिकेच्या हातात राहतात.

आणि सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा इंधनाचा. कोल्ड लेक आणि बॅगोटव्हिल हे मुख्य तळ दक्षिणेत, तिथून आर्क्टिकवर गस्त घालायची तर हवेत इंधन भरावंच लागतं. कॅनडाचे जुने सीसी-१५० पोलारिस टँकर (हवेत इंधन देणारी विमानं) लवचीक नळी सोडतात, सीएफ-१८ त्यात आपली नळकांडी खुपसतं. कॅनडा घेत असलेल्या एफ-३५ए प्रकाराला तसं जमत नाही, त्याला टँकरची बूम, म्हणजे ताठ नळी, लागते. म्हणून जुलै २०२३ मध्ये सीसी-३३० हस्की प्रकारच्या नऊ टँकर विमानांचा करार झाला. ती बूमसह ताफ्यात स्थिरावेपर्यंत एफ-३५ ला लांबच्या गस्तीसाठी अमेरिकेच्या टँकरांकडे पाहावं लागेल. ग्रिपेनला मात्र नळकांडी आहे, त्याला जुना टँकरही चालला असता. ग्रिपेनच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा, पण त्या मजकुरात त्याचा उल्लेखच नाही.