शिधापत्रिकेबरोबर एक चालू मोबाइल क्रमांकही हवा

२०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा वस्तीतल्या बायकांना मदत करण्यासाठी मी दर रविवारी दोन-तीन तास बसत असे. बाईचा आधार क्रमांक आणि तिच्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी. काम एवढेच होते, तरी बऱ्याच जणींचे गाडे या दुसऱ्या ओटीपीपाशी अडत असे. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींच्या यजमानांचे सिम रिचार्जअभावी वर्षभरापूर्वीच बंद पडले होते. त्या क्रमांकावर फोन लावून पाहिला, तर पलीकडून अनोळखी मुलाचा आवाज आला. क्रमांक एव्हाना दुसऱ्या कोणाला मिळाला होता. नवा क्रमांक आधारला जोडण्यासाठी यजमानांना स्वतः केंद्रावर जावे लागले आणि ७५ रुपये शुल्क भरावे लागले. पहिल्या दिवशी त्यांचा नंबर लागण्याआधीच केंद्र बंद झाले, त्यामुळे बिगारी कामाचे दोन खाडे पडले.

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. चालू सिम ही शासनाने हक्काच्या प्रत्येक पैशाची अघोषित अट करून टाकली आहे, आणि ते सिम चालू ठेवण्याचा खर्च मात्र सर्वस्वी त्या कुटुंबाच्या माथी ठेवला आहे. हे अन्यायाचे आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

नुसते सिम जिवंत ठेवायला पूर्वी फारसे पैसे लागत नसत. मे २००३ पासून आपल्याकडे इनकमिंग मोफत झाले, पुढे आजीवन वैधतेची कार्डे आली, आणि ज्याच्याकडे बोलण्यापुरते पैसे नसत त्यालाही निदान फोन येत असे. २०१८ च्या अखेरीस किमान रिचार्जची सक्ती सुरू झाली. तेव्हा ती २८ दिवसांना ३५ रुपये होती. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये ज्या जुलै २०२४ पासून लागू झाले, त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले आणि त्यांपैकी एअरटेल व व्होडाफोन आयडियाचा २८ दिवसांचा १७९ रुपयांचा साधा प्लॅन १९९ रुपयांवर गेला. महिना २८ दिवसांचा धरला की वर्षात तेरा रिचार्ज होतात. घरात दोन फोन असतील, तर वर्षाचे ५,१७४ रुपये लागतात. महाराष्ट्रात शहरी भागात प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे, म्हणजे त्या मर्यादेवरच्या घराचे जवळजवळ नऊ टक्के उत्पन्न दोन फोनांवर जाते. या रकमेत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. ज्या कुटुंबाला सरकार धान्य मोफत देते, त्याच कुटुंबाकडून रिचार्जवर वर्षाला सुमारे ७९० रुपये कर घेते.

ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणे आणि एसएमएस यांसाठी वेगळे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले, ते चांगलेच झाले. परंतु ८४ दिवसांचे असे पॅक साडेचारशे रुपयांच्या आसपास आले, आणि आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात एवढी रक्कम एकदम काढणे कठीण जाते. शिवाय मुलांच्या अभ्यासाला इंटरनेट लागते, ते त्यात नसतेच.

गरिबाच्या फोनबिलाला सरकारने हातभार लावणे ही काही नवी कल्पना नाही. अमेरिकेत १९८५ पासून लाइफलाइन नावाची योजना आहे. ती आधी घरच्या दूरध्वनीसाठी होती, मग मोबाइलसाठी आणि २०१६ पासून इंटरनेटसाठीही झाली. आज एका कुटुंबाला महिना ९.२५ डॉलरपर्यंत सवलत मिळते. तिचा पैसा दूरसंचार कंपन्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीतून येतो, म्हणून ती चाळीस वर्षे टिकली. कोविडनंतर तिथे त्याहून मोठी, महिना ३० डॉलरची योजना आली आणि २ कोटी ३० लाखांहून अधिक कुटुंबे तिच्यात सामील झाली. मात्र तिच्यासाठी संसदेने एकदाच १,४२० कोटी डॉलर दिले होते. ते संपले, नवे मंजूर झाले नाहीत, आणि जून २०२४ मध्ये योजना बंद पडली. आपण यातून शिकण्यासारखे काही असेल, तर ते पैशाच्या उगमाबद्दल आहे.

तसा कायमचा उगम आपल्याकडे आधीपासून आहे. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित (म्हणजे ठरावीक वजावटींनंतरच्या) महसुलाचा पाच टक्के भाग सार्वत्रिक सेवा निधीसाठी घेतला जातो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. आजवर त्यातून मुख्यतः टॉवर आणि ग्रामपंचायतींपर्यंतच्या फायबरच्या तारा उभ्या राहिल्या, आणि दुर्गम भागात त्यांची गरज होतीच. परंतु २०२४ च्या नियमांत महिला, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांचाही उल्लेख आहे. टॉवर दारात असूनही ज्यांचे सिम बंद आहे, ते या शब्दांत बसत नाहीत काय?

माझी मागणी मर्यादित आहे. अन्न सुरक्षा कायद्यानुसार शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या ज्येष्ठ स्त्रीचे नाव असते. तिच्या नावावरचा एक क्रमांक या निधीतून कायम चालू ठेवावा: इनकमिंग, एसएमएस, ओटीपी आणि थोडा डेटा. एका कार्डामागे एकच क्रमांक असल्याने दुबार लाभही रोखता येईल. रोख रक्कम खात्यात देऊ नये, कारण ती औषधपाण्यात खर्च होईल आणि सिम पुन्हा बंदच राहील. अनुदान मिळते म्हणून कंपन्या दर वाढवतील, ही शंका रास्त आहे, आणि म्हणूनच या पॅकचा दर कंपन्यांवर न सोडता ट्रायने ठरवून द्यावा. केरळने के-फोन या आपल्या सरकारी इंटरनेट योजनेतून वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत इंटरनेट देण्याचे ठरवले, पण ती घरापर्यंत येणारी तार आहे. ओटीपीचा प्रश्न तिने सुटत नाही.

हे होईपर्यंत राज्य शासनाला एक गोष्ट आजही करता येईल. ज्यांचा क्रमांक बंद पडला आहे, त्यांची ओळख रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा घेऊन पटवून घ्यावी. धान्यासाठी बायका तिथे दर महिन्याला जातातच.